ओझरच्या काकांना, मनापासून

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

ओक्लाहोमा सिटीच्या विमान-नोंदणी कार्यालयातून कागद आला. विमान आता माझ्या नावावर आहे. तुमचं नाव कुठे छापू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथे नुसतं काका. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. इकडे अमेरिकेत आपल्यातली बरीच मंडळी हौसेने उडायला शिकतात, आणि जुनं विमान घ्यायची वेळ आली की तुमच्यासारखं माणूस शेजारी असतंच असं नाही.

लाइट स्पोर्ट प्रकारातलं विमान घ्यायचं हे माझं आधीच ठरलं होतं. 2004 साली हा प्रकार सुरू झाला तेव्हाची चौकट साधी होती : दोन माणसं, एक इंजिन, उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त 600 किलो वजन. वैमानिकाला वेगळ्या वैद्यकीय दाखल्याऐवजी गाडी चालवायचा परवाना चालतो. अडलं होतं ते ग्रीन कार्डापाशी. इथे स्वतःच्या नावावर विमान नोंदवायचं तर नागरिकत्व तरी हवं, नाहीतर ग्रीन कार्ड. ते हातात पडलं आणि मी जाहिराती बघायला लागले. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणालं, ‘काकांना विचार, त्यांनी नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या विमान कारखान्यात, मिग लढाऊ विमानं उघडून जोडलीत.’ तिथपासून तुम्ही माझं काम स्वतःचं असल्यासारखं अंगावर घेतलंत.

आपण बघायला गेलो ते पहिलं विमान आठवतंय ना? नवा रंग, चामड्याच्या सीटा, समोर मोठा पडदा. मी तर हँगरच्या दारातच हरखले होते. तुम्ही विमानाकडे नीट पाहिलंसुद्धा नाहीत. टेबलाशी बसून विमानाचं, इंजिनाचं आणि पंख्याचं (प्रोपेलरचं) अशी देखभालीच्या नोंदींची तिन्ही लॉगबुकं मागितलीत आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत. विकणारे गृहस्थ माझ्या नवऱ्याला किंमत सांगत होते. तुम्ही चष्मा काढून शांतपणे म्हणालात, ‘विमान ती घेते आहे, तिच्याशी बोला.’ काका, त्या एका वाक्याचे आभार मी तेव्हा मानले नव्हते. आज मानते.

तासाभराने तुमचं बोट एका ओळीवर थांबलं. ऑटोपायलट नंतर बसवलेला होता आणि त्याला उत्पादकाचं परवानगीपत्र नव्हतं. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या लाइट स्पोर्ट विमानात मालकाला मनाने काही बदलता येत नाही, साधा दिवा बदलायचा तरी कंपनीचं लेखी पत्र लागतं, हे मला तिथे कळलं. ‘सगळे असंच उडवतात,’ असं उत्तर आलं. शिवाय या विमानांत असतं त्या रोटॅक्स कंपनीच्या इंजिनाच्या पेट्रोलच्या, तेलाच्या, पाण्याच्या रबरी नळ्या दर 5 वर्षांनी बदलायच्या असतात, त्याचीही नोंद कुठे सापडेना. परतताना गाडीत मी रडवेली झाले होते. तुम्ही ‘घेऊ नकोस’ म्हणाला नाहीत. त्रुटी सुधारायला काय काय करावं लागेल ते एकेक करून सांगितलंत आणि मग म्हणालात, ‘आता तू ठरव, बाळ.’

ते विमान मी सोडून दिलं. मधल्या काळात आमच्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही मला वजनाचं गणित शिकवलंत. मला तेव्हा सेसनाचं स्कायकॅचर आवडायचं. नाव मोठं म्हणून विश्वास होता. पण त्याचं उत्पादन 2013 मध्येच थांबलं, आणि पूर्ण टाकी भरल्यावर त्यात दोन माणसांसाठी जेमतेम 155-160 किलो उरतात. ‘तुम्ही दोघं, थंडीतले कोट, शिवाय बॅग. बसतंय का बघ,’ म्हणालात. कुठलंही विमान सांगितलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला : कंपनी जिवंत आहे का? कारण सुटे भाग, सुरक्षा सूचना, परवानगीपत्रं, सगळं तिच्याकडूनच यायचं.

जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या विमान खात्याचे नवे नियम जाहीर झाले. लाइट स्पोर्ट विमानांसाठीच्या स्पोर्ट परवान्यावर आता चार आसनांचं सेसना 172 सुद्धा उडवता येणार म्हटल्यावर जो तो मला थांबायला सांगू लागला. तुम्ही विचारलंत, ‘तुला किती माणसं न्यायची आहेत?’ आम्ही दोघंच. रोटॅक्सला तासाला साधारण 5 गॅलन पेट्रोल लागतं, तेही मोटारीचं चालतं. विषय तिथेच मिटला.

आणि मग हे विमान. 2007 सालचं फ्लाइट डिझाइन सीटीएसडब्ल्यू. कंपनी जर्मन, पण विमानं बनायची युक्रेनमध्ये, खेरसोनला. युद्ध पेटल्यावर त्यांना काम चेक प्रजासत्ताकात हलवावं लागलं. ज्या शहरातल्या माणसांनी हे कार्बन फायबर हातांनी थरावर थर बसवून घडवलं, त्या शहराचं नाव मी आता बातम्यांत वेगळ्या मनाने ऐकते.

त्या दिवशीची तुमची तपासणी मी जन्मभर विसरणार नाही. खिशातून जुना रुपया काढलात आणि चाकांच्या पायांपाशी, विमानाच्या पोटाखाली बोटाबोटाच्या अंतराने टकटक करत गेलात. शिकाऊ हातांनी विमान आदळलं की याच जागा आधी दुखावतात. खणखणीत आवाज आला की पुढे, जरा बद्द वाटला की पुन्हा तिथेच. एके ठिकाणी माझा हात धरून तुम्ही नाणं माझ्याकडे दिलंत आणि ‘ऐक’ म्हणालात. आत थर सुटलेला नव्हता, नुसती जोडपट्टी होती. पण फरक कानाला कळला. मग इग्निशन बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने सावकाश फिरवायला लावलात, तेलाच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. त्याशिवाय रोटॅक्सची तेलाची पातळी खरी कळत नाही. तेलातला लोखंडाचा कीस पकडणारा चुंबकी प्लग काढून कपड्यावर पुसलात, उजेडात धरलात, आणि पहिल्यांदाच हसलात. कीस नव्हता, म्हणजे इंजिन आतून झिजत नव्हतं.

संकटात अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट यात असतं, त्याची तारीख भरत आली होती. दर 6 वर्षांनी ते कारखान्यात पाठवून नव्याने घडी करून घ्यावं लागतं, आणि ते बाहेर ओढणारं रॉकेट 12 वर्षांनी बदलायचं असतं. रॉकेट 2019 मध्ये बदललेलं होतं. घडीचा खर्च विकणाऱ्या बाईंनी किमतीतून वजा केला, तोही तुम्ही लॉगबुकातलं पान उघडून पुढे ठेवलंत म्हणून. घासाघीस अशी करावीच लागली नाही. विमानावर कुणाचं कर्ज नाही याचा शोध घेतल्याशिवाय एक डॉलरही द्यायचा नाही, हाही तुमचाच आग्रह.

काका, माझे बाबा सांगलीत असतात. मुलगी विमान घेते म्हटल्यावर त्यांची झोप उडाली होती. तुम्ही त्यांना स्वतःहून फोन केलात आणि अर्धा तास इंजिनाबद्दल बोललात. त्यानंतर त्यांनी मला एकदाही ‘नको’ म्हटलं नाही. हे मी तुम्हाला सांगितलेलंही नव्हतं करायला.

मार्चमध्ये वार्षिक तपासणी आहे. ती करायचा परवाना तुमच्याकडे आहे, हात तुमचेच हवेत, आणि मी शेजारी उभी राहून शिकणार आहे. खरेदीच्या वेळी तुम्ही पैसे घेतले नाहीत. या वेळी रीतसर बिल करा आणि पूर्ण घ्या, नाहीतर मला पुढच्या वर्षी तुम्हाला बोलवायला संकोच वाटेल. काकूंना नमस्कार. पहिली खेप त्यांची, दुसरी तुमची, हे मी त्यांना कबूल केलं आहे.

तुमची,
सांगलीची मुलगी, मुक्काम ओहायो