चटणी कांडून देणाऱ्या मावशींना

मावशी, नमस्कार.

चटणी बरणीत भरली, हिंगाचे खडे टाकले, वर फडकं बांधलं. तुमचे आभार मानायचे मात्र राहिलेत.

कोल्हापुरात चटणी, म्हणजे आपलं कांदा-लसणाचं तिखट, संपली की स्वयंपाकच अडतो. आमटी, झुणका, भरलं वांगं, मिसळीचा कट, मटणाचा तांबडा रस्सा, सगळ्यात तीच. पांढऱ्या रश्श्यापुरती काय ती सुट्टी. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झटक्याला लवंगी मिरची. (ब्याडगी आणि संकेश्वर दोन्ही कर्नाटकात, नाव मात्र कोल्हापूरचं!) पण प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचं. आमच्यात ते कुणी लिहून ठेवलं नाही, आईच्या हातात होतं. यंदा अर्धांगानं तिचा उजवा हात गेला, बोलणंही अडखळतं.

आधी एका कांडपवाल्यानं "एवढ्याशा मिरचीला डंकाचं मशीन लावत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यानं घेतली, पण उखळात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला तसाच. आमच्या चटणीला भलत्याच घरचा वास! वर म्हणतो कसा, "चटणी ती चटणी." पाहुण्यांनी पाकीट आणायचा सल्ला दिला. पुन्हा मिरची आणली, देठं काढली आणि तुमच्याकडं आलो.

तुम्ही आधी उखळ पुसून घेतलंत, तिथंच जीव भांड्यात पडला. मिरची झाली, भाजलेला मसाला झाला, शेवटी तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर पडली. चटणी तेलकट होऊन मुसळाला चिकटायला लागली तसा तुम्ही डंक थांबवला. नंबर लावून बसलेल्या बायका कुरकुरल्या. तुम्ही चिमूटभर चटणी घेऊन थेट बाहेर रिक्षात बसलेल्या आईकडं गेलात, तिच्या डाव्या तळहातावर ठेवलीत आणि विचारलंत, "आक्का, काय कमी हाय?"

आईला शब्द सापडेना. मी मधे तोंड घातलं तर मलाच दटावलंत, "सांगू दे की त्यांस्नी. घाई कसली?"

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "लसूण."

आमचा सोललेला लसूण संपला होता. तुम्ही घरातून आणून घातलात आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मावशी, आजारपणापासून ती समोर असताना सगळे मलाच विचारतात. डॉक्टर विचारतात, पाहुणे विचारतात, तिच्या चहात साखर किती हेसुद्धा. तिला विचारणाऱ्या आणि उत्तराची वाट बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पूर्वी माणुसकी फार होती म्हणतात, मला नाही तसं वाटत. तेव्हाही नीट वागणारी माणसं थोडीच असतील, आणि आजही त्यातली काही मिरचीच्या खकाण्यात नाकाला पदर लावून उभी आहेत.

यंदा चटणी जरा जास्तच झणझणीत झालीय, लवंगीचा हात सैल सुटला. लसूण मात्र बरोबर बसलाय, असं आईचं म्हणणं. पुढच्या उन्हाळ्यात तिला घेऊनच येतो. तुमचा लसूण फेडायचा आहे, तो सोलून आणतो.