रेझिस्टर का लावायचा, तेही सांगा

महोदय,

माझी आठवीतली मुलगी दिवाळीच्या सुट्टीत इंटरनेटवरचे मोफत धडे पाहून आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, वापरायला शिकली. पहिल्याच दिवशी तिने एलईडी थेट ५ व्होल्टला जोडला. तो क्षणभर लख्ख पेटला आणि कायमचा गेला. धड्यात '२२० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा छोटा भाग) लावा' एवढंच होतं. का लावायचा, हे नव्हतं. मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. उरलेल्या ३ व्होल्टला २२० ने भागलं की सुमारे १४ मिलिअँपिअर येतात. तेवढा प्रवाह त्याला सोसतो. शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम तिला त्या दिवशी खरा कळला. आता तिने जोडलेल्या सर्किटमुळे कुंडीतली माती सुकली की बझर वाजतो आणि आजी पाणी घालायला उठते.

आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया इथे विद्यार्थ्यांसाठीच घडला आणि त्याचा आराखडाही सर्वांना खुला आहे. अडतं ते भाषेपाशी. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीत मोफत दिले, हे फार मोलाचं काम. पण छोट्या सर्किटांचे, कारणासकट समजावणारे मराठी धडे आणखी हवेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ते मनावर घ्यावं. आपणही पुरवणीत आठवड्याला असा एक प्रयोग छापावा, ही विनंती.

– एक पालक, सातारा