नीलम घेताना वजनापलीकडे पाहा

महोदय,

साखरपुड्याच्या अंगठीसाठी नीलम घेताना बहुतेकांचे लक्ष कॅरेटवरच असते. नीलमाची घनता हिऱ्यापेक्षा जास्त असल्याने १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिमीचा, तर तेवढ्याच वजनाचा नीलम जेमतेम ६ मिमीचा भरतो. म्हणून माप मिलिमीटरमध्येही विचारावे.

दुकानातल्या झगमगाटात कुठलाही खडा देखणाच दिसतो. तो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात आणि मग पिवळ्या बल्बखाली पाहावा. फार गडद खडा संध्याकाळी चक्क काळा दिसतो. छापील मजकुरावर धरून वरून पाहता मधून अक्षरे वाचता आली, तर खालचा भाग उथळ कापला आहे. तिथे रंग फिकाच दिसणार.

केवळ तापवून रंग सुधारलेला नीलम घ्यायला हरकत नाही, तो रंग टिकतो. भेगांत काच भरलेला मात्र नकोच: आम्लाने किंवा दुरुस्तीच्या वेळी ज्योतीने काच बिघडते आणि भेगा उघड्या पडतात. त्यामुळे प्रक्रियेची स्पष्ट नोंद असलेले स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. विक्रेत्याचे हमीपत्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

नीलमाची कठीणता मोह्स श्रेणीवर (ओरखड्यांना विरोध मोजणारी १ ते १० ची मोजपट्टी) ९ असली तरी आघाताने कडेचे टवके उडू शकतात. अंगठी रोज घालायची असेल तर चहूबाजूंनी बंद कोंदण बरे.

– एक रत्नपारखी