मुलांच्या लिखाणाला वाचक मिळू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : वर्गातील अध्यापनात ब्लॉगचा वापर.

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका शाळेत मराठी विषय शिकवून मी निवृत्त झाले आहे आणि अजूनही आसपासच्या शाळांमध्ये लेखनाचे तास घ्यायला जाते. आपल्या खात्याने ब्लॉग या साध्या आणि जवळजवळ फुकट मिळणाऱ्या साधनाकडे शिकवण्याचे साधन म्हणून पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

महाराष्ट्रातील शिक्षकांना ब्लॉग नवे नाहीत. गेल्या काही वर्षांत तंत्रस्नेही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षकांनी स्वतःच्या हौसेने आणि पदरमोड करून कितीतरी शैक्षणिक ब्लॉग चालवले. त्यांवर शासन निर्णय सापडतात, घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका सापडतात, नियोजनाचे तक्ते सापडतात आणि आकारिक मूल्यमापनाच्या (मुलाच्या वर्गातील रोजच्या कामावरून वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या) वर्णनात्मक नोंदीही तयार मिळतात. त्या तशाच्या तशा उतरवल्या की राज्यभरातील मुले एकाच वाक्यात ‘स्वतःहून प्रश्न विचारतात’. या ब्लॉगांनी शिक्षकांचा वेळ वाचवला, हे मी नाकारत नाही. मात्र त्यांवर लिहिणारा शिक्षक आणि वाचणाराही शिक्षकच असतो. मूल त्यात कुठेच नसते. माझी मागणी मुलांनी लिहिलेल्या आणि वर्गाबाहेरच्या माणसांनी वाचलेल्या ब्लॉगची आहे.

ही कल्पना परकी नाही. आपल्या शाळांत भित्तिपत्रके आणि हस्तलिखित अंक पूर्वीपासून निघत आले आहेत. दापोली तालुक्यातील पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले होते. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातील शिक्षकाने 1920 च्या दशकात वर्गातच छोटे छपाईयंत्र आणले आणि मुलांनी छापलेले मजकूर दूरच्या शाळांना पाठवून त्यांचे मजकूर मागवायला सुरुवात केली. हस्तलिखिताची अडचण एवढीच की त्याची एकच प्रत निघते, स्नेहसंमेलनाला पाहुण्यांच्या हातात पडते आणि पुढे मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. ब्लॉगमुळे तीच प्रत गावाबाहेर जाते आणि वाचणाऱ्याला उलट काही विचारता येते.

या उलट विचारण्याला मी इतके महत्त्व का देते, ते एका उदाहरणावरून सांगते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ‘मी सुट्टीत काय केले’ हा निबंध ठरलेला असतो. सहावीतील एका मुलीने त्यात लिहिले होते, ‘आम्ही रातांबे फोडले, बिया काढल्या, साली उन्हात घातल्या आणि आमसुले झाली.’ वहीत हा मजकूर आला असता तर मी नेहमीप्रमाणे वेलांट्या आणि उकार लाल शाईने दुरुस्त केले असते, खाली सही केली असती आणि विषय संपला असता. वर्गाच्या ब्लॉगवर तो गेला, तेव्हा लालबागला राहणाऱ्या, गाव सोडून उभे आयुष्य मुंबईत काढलेल्या एका आजोबांनी खाली विचारले, ‘बाळ, नुसत्या उन्हाने आमसूल होते का? रसाची पुटे किती दिलीत? आणि बियांचे मुठेल अजून करता का?’ (मुठेल म्हणजे रातांब्याच्या बियांचे तेल.) मुलीला उत्तर ठाऊक नव्हते. तिने घरी आजीला विचारले आणि दुसऱ्या खेपेला मजकूर दुपटीहून मोठा झाला : गराच्या रसात मीठ घालायचे, साली त्यात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, साली काळसर आणि मऊ होईपर्यंत हे चालू ठेवायचे आणि आभाळ भरून आले तर सगळे उचलून पडवीत न्यायचे. क्रम, कारण आणि नेमका शब्द या तिन्ही गोष्टी लेखन शिकवताना आम्ही घसा कोरडा करून सांगतो. त्या तिला एका खऱ्या वाचकाच्या प्रश्नाने शिकवल्या.

कोकणापुरते बोलायचे तर हा वाचक शोधायला कुठे जावे लागत नाही. इथल्या बहुतेक वाड्यांचा निम्मा संसार मुंबईत आहे. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी उरलेले वर्ष गावची खबर मिळवण्यासाठी आसुसलेला असतो. मुलांनी विहिरीचे, होडीचे, पालखीचे, सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) फुलांचे लिहिले तर तो ते वाचणार आणि चूक काढायलाही मागेपुढे पाहणार नाही. कित्येक वाड्यांवरच्या शाळांचा पट आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला आहे, म्हणून तर हा बाहेरचा वाचक अधिकच हवा. चार मुलांच्या वर्गात चर्चेला समोर कोण बसणार?

ब्लॉग केवळ भाषेच्या तासापुरता राहावा, असेही नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कातळशिल्पे, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रे, 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण त्यांच्या शेजारच्या गावांतील मुले त्यांना काय म्हणतात, त्यांच्याबद्दल घरी काय ऐकतात, हे पाठ्यपुस्तकात येणे शक्य नाही. विज्ञानाच्या तासाला बाटली कापून पर्जन्यमापक करणे सगळ्यांनाच माहीत आहे. कोकणातील एका शाळेने आणि मराठवाड्यातील एका शाळेने जूनपासून रोजचा आकडा एकाच ब्लॉगवर लिहिला, तर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर आणि सुमारे 700 ते 800 मिलिमीटर या दोन आकड्यांमधले अंतर मुलांना पाठ करावे लागणार नाही. शिवाय अशा विषयांवरचा मजकूर गाईडमधून किंवा मोबाईलला विचारून उतरवता येत नाही. आपल्या वाडीतल्या विहिरीला आजे काय म्हणायचे, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही.

बोलीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. संगमेश्वरी, बाणकोटी किंवा मालवणी बोलणारे मूल प्रमाण मराठीत लिहायला बसले की आपल्याकडचे अर्धे शब्द गिळून टाकते. आजीचे बोलणे आजीच्या बोलीत आणि स्वतःचे निवेदन प्रमाण भाषेत लिहायला सांगितले, तर दोन्ही भाषा टिकतात. मातृभाषेविषयी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 जे सांगते, ते वर्गात उतरवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

रेंजचा आक्षेप येईलच. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात विजेची आणि दूरध्वनीची जी दैना केली, ती आम्ही विसरलेलो नाही. साध्या पावसातही इथे वीज जाते. म्हणूनच मी व्हिडिओ तासिकांची मागणी करत नाही. मुले कागदावर लिहितील, शिक्षक आठवड्यातून एकदा, जिथे रेंज असेल तिथून, एका मोबाईलवरून मजकूर चढवतील. नुसत्या अक्षरांच्या पानाला डेटा फार लागत नाही आणि मजकूर दोन दिवस उशिरा गेल्याने काही बिघडतही नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र शासनाने कडक राहावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 नुसार 18 वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तेव्हा मुलांची छायाचित्रे नकोत, आडनाव नको, पत्ता नको, टोपणनाव चालेल. कोणताही अभिप्राय शिक्षकाने वाचून मंजूर केल्याशिवाय दिसू नये, ही सोय ब्लॉगवर असतेच. ज्या पालकांना संकोच वाटेल, त्यांच्या मुलाचे लिखाण वर्गाच्या भिंतीवर लागेल आणि त्याचे गुण त्यामुळे कमी होणार नाहीत.

आता सर्वांत मोठी भीती सांगते, आणि ती आपल्याच खात्याची आहे. हे पत्र आपल्याला पटले आणि त्यातून प्रत्येक शाळेने अमुक तारखेपर्यंत ब्लॉग सुरू करून लिंक भरावी, उपक्रमाचे फोटो अपलोड करावेत, असा आदेश निघाला, तर पत्र न लिहिलेले बरे होते असे मला वाटेल. त्या दिवशी मुलांच्या नावाने शिक्षक लिहू लागतील आणि केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी, नुसत्या लिंका मोजतील. सक्ती नको. त्याऐवजी मुलाने ब्लॉगसाठी केलेले लिखाण, विशेषतः वाचकाच्या प्रश्नानंतर केलेले पुनर्लेखन, आकारिक मूल्यमापनात उपक्रम म्हणून धरता येईल, एवढे स्पष्ट करावे. जो शिक्षक ते करील त्याला त्याच कामाचा दुसरा अहवाल मागू नये. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतला, म्हणजे त्या गटातील शिक्षकांच्या बैठकीतला, एक तास यासाठी ठेवला तरी पुरे, पण त्यात बटणे कुठे दाबायची यापेक्षा मुलाच्या मजकुरावर कोणता प्रश्न विचारावा, यावर बोलणे व्हावे.

शेवटची मागणी किरकोळ वाटेल, पण तिच्यावाचून बाकीचे टिकणार नाही. आज शाळांचे ब्लॉग शिक्षकांच्या खासगी ईमेलवर उघडलेले असतात आणि बदली झाली की मुलांचे लिखाणही शिक्षकाबरोबर तालुका सोडून जाते किंवा पासवर्डाअभावी तसेच पडून राहते. ब्लॉगचे खाते शाळेच्या नावाने असावे आणि कार्यभार हस्तांतराच्या यादीत दाखल-खारीज रजिस्टर, जडवस्तू संग्रह नोंदवही (शाळेच्या सामानाची नोंदवही) यांच्या जोडीला त्याचीही नोंद व्हावी, अशी सूचना येत्या जूनपूर्वी शाळांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
जिल्हा रत्नागिरी