बाक घेण्याआधी मुलांची मापे घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जूनच्या तोंडावर गावोगावच्या शाळांसाठी बाकांची खरेदी सुरू होते. पैसा कधी ग्रामपंचायतीचा असतो, कधी लोकवर्गणीचा, कधी एखाद्या कंपनीच्या देणगीचा. मागणीपत्रात मात्र नग किती आणि दर किती एवढेच लिहिलेले असते, उंचीचा रकाना नसतो. मग पुरवठादाराकडे जे एक माप तयार असते तेच येते आणि पहिलीचे पोर व सातवीचा मुलगा सारख्याच बाकावर बसतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोली, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण सगळे आहे, पण बाकाचा उल्लेख नाही. त्यामुळे हे माप शाळा व्यवस्थापन समितीनेच ठरवायला हवे. त्याला खर्च काहीच येत नाही, एक दुपार आणि एक टेप पुरते.

मुलाला अनवाणी बसवावे, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघा काटकोनात. जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत जे अंतर भरेल तीच बैठकीची उंची. त्याहून एखादा सेंटीमीटर कमी चालेल, जास्त नाही. ढोबळ हिशेब हवा असेल तर मुलाच्या उंचीचा चौथा हिस्सा धरावा. ११५ सें.मी. उंचीच्या मुलाला २८-२९ सें.मी.ची बैठक लागते. परदेशी तक्त्यांतली मापे बूट घातलेल्या मुलांची असतात. आपल्याकडे बऱ्याच शाळांत चपला दाराबाहेर राहतात, तिथे त्यातून दोन सें.मी. वजा करावेत. दुसरे माप कोपराचे: हात सैल सोडून कोपर दुमडायला सांगावे आणि बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर घ्यावे. त्यात दोन-तीन सें.मी. मिळवले की लिहायच्या फळीची बैठकीपासूनची उंची मिळते.

बैठक ४० ते ४५ सें.मी. उंच असेल तर ती मोठ्या माणसाची आहे. तिच्यावर लहान मुलाचे पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात. मग ते पुढे सरकते, एक पाय दुमडून घेते, नाहीतर गुडघ्यांवर उभे राहून लिहिते. फळी उंच असली की खांदे वर चढतात आणि डोळे वहीला जवळजवळ टेकतात. चुळबुळ करतो म्हणून ज्याला ओरडा बसतो, त्याचा बाक आधी मोजून पाहावा.

एकाच इयत्तेत मुलांच्या उंचीत पंधरा-वीस सें.मी.चा फरक सहज असतो, म्हणून प्रत्येक वर्गात निदान दोन मापांचे बाक हवेत. युरोपच्या ईएन १७२९ या मानकात प्रत्येक मापाला रंग नेमून दिला आहे: ३१ सें.मी. बैठकीला जांभळा, ३५ ला पिवळा, ३८ ला लाल, ४३ ला हिरवा. ही युक्ती आपल्याला सहज उचलता येईल. बाकाच्या पायावर रंगाचा पट्टा मारायचा आणि दाराच्या चौकटीवर त्याच रंगांनी उंचीच्या खुणा करायच्या. मूल चौकटीला पाठ लावून उभे राहिले की आपला रंग त्याला स्वतःच कळतो. हे जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, असे वर्षातून दोनदा करावे.

बैठक आणि फळी एकाच सांगाड्यात जोडलेल्या ड्युअल डेस्कची आणखी एक अडचण आहे. उठता-बसता यावे म्हणून दोन्हींमध्ये मोकळी फट सोडतात आणि लिहिताना मुलाला तेवढे पुढे वाकावे लागते, पाठीची टेकण असून नसल्यासारखी होते. फळीची कड बैठकीच्या कडेच्या बरोबर वर यायला हवी, दोन-तीन सें.मी. आत आली तर उत्तमच. शिवाय हा सांगाडा हलवायला जड. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता, कधी दोन दिशांना दोन फळे, अशी मांडणी रोज बदलावी लागते. तिथे सुटे टेबल आणि सुटी खुर्चीच घ्यावी. पहिली-दुसरीला सतरंजी आणि मांडी आत जाईल असे २२ ते २५ सें.मी. उंचीचे उतरते बैठे डेस्क हे उंच बाकापेक्षा कितीतरी चांगले. त्यात मागासलेपण काही नाही.

एका मुलाला फळीची किमान ५० सें.मी. रुंदी द्यावी. १२० सें.मी.च्या बाकावर तिघे बसले की कोपराला कोपर लागते. डावखुऱ्या मुलाला नेहमी डाव्या टोकाला बसवावे.

सामानाबद्दल थोडे. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात कडेने फुगतो, कोकणात तर तो घेऊच नये. १८-१९ मि.मी.चा वॉटरप्रूफ प्लाय, वर सनमायका आणि चारही कडा बंद, हे टिकते. बाकाच्या पायांचे रबरी बूट सर्वांत आधी निखळतात. मग उघडा पाइप फरशी ओरखडतो आणि वर्ग धुताना आत पाणी जाऊन खालून गंजत येतो. म्हणून जाडे बूट आणि शेकडा दहा जादा नग ऑर्डरमध्येच लिहून घ्यावेत.

भिंतींविषयीही लिहायलाच हवे. बोलक्या भिंतींचा उत्साह कौतुकाचा आहे, पण फळ्याची भिंत कोरी ठेवा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या २०१४ च्या प्रयोगात बालवर्गातील तीच मुले सजवलेल्या खोलीत जास्त विचलित झाली आणि साध्या खोलीत अधिक शिकली. तक्ते बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर लावावेत, तेही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. फळ्यावरचे अक्षर शेवटच्या ओळीसाठी चार-पाच सें.मी. उंच हवे. त्याहून बारीक लिहिले की आधी रफार आणि अनुस्वार दिसेनासे होतात आणि तीच चूक वहीत उतरते.

आधीच आलेले उंच बाक टाकून देऊ नयेत. गावातला वेल्डर बैठकीचे आणि फळीचे पाय हव्या त्या मापाला कापून देतो. ते जमणार नसेल तर मुलांचे पाय टेकतील अशी आडवी फळी बाकाला खाली ठोकावी. नवीन खरेदीत मात्र पुरवठादाराकडून प्रत्येक मापाचा एक नमुना आधी मागवावा, त्या मापावर बसणाऱ्यांतले सर्वांत बुटके आणि सर्वांत उंच मूल त्यावर बसवून बघावे आणि दोघांचे तळवे जमिनीला टेकले तरच पुढची ऑर्डर द्यावी.

आपले,
शालेय फर्निचर व वर्गरचनेचे काम करणारे कारागीर आणि शिक्षक