खोटारडा व्हिलन चालतो, डीएम खोटा नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रोलप्लेइंग गेम्सवर लेख आला होता तो आवडला. शनिवारी रात्री कुणाच्या तरी हॉलमध्ये फासे टाकत बसलेली पोरं नक्की करतात काय हे आमच्या घरच्यांना समजावायचं काम कुणीतरी एकदाचं केलं. पण त्यातला एक सल्ला काही पटला नाही. ग्रीक पुराणातला व्हिलन हवा असेल तर मेड्युसा घ्या, मिनोटॉर घ्या, पण थापाड्या माणूस घेऊ नका, कारण एक फासा चांगला पडला की तो पकडला जातो आणि मजाच संपते, असं लेखकाचं म्हणणं. मी स्वतः डीएम आहे, म्हणजे टेबलावर गोष्ट चालवणारा, बाकीचे त्यात पात्रं होऊन खेळतात, आणि माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे. मिनोटॉरला लोक तलवारीनं मारतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात. सिनॉनला विसरत नाहीत.

सिनॉन म्हणजे कोण ते सांगतो, कारण ट्रॉयचा लाकडी घोडा सगळ्यांना माहीत असतो पण तो घोडा आत घ्यायला लावणारा माणूस कुणाला आठवत नाही. दहा वर्षं लढूनही ट्रॉय शहर पडेना, तेव्हा ग्रीक सैन्य परत गेल्याचं नाटक करत जहाजांत बसून टेनेडॉस बेटामागं लपलं, पोटात सैनिक लपवलेला घोडा किनाऱ्यावर ठेवला, आणि हा एकटा मागं राहिला, मुद्दाम. धनगरांनी त्याला हात बांधून ट्रॉयचा राजा प्रायम याच्यासमोर आणला. रोमन कवी व्हर्जिलनं त्याच्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात हा सीन असा काही रंगवलाय की प्रत्येक डीएमनं तो एकदा तरी वाचावा. पठ्ठ्या पहिलंच वाक्य खरं बोलतो: मी ग्रीक आहे, नाकारत नाही. मग पॅलामिडीस या ग्रीक योद्ध्याचं नाव काढतो, ज्याला ओडिसियस या दुसऱ्या ग्रीक सरदारानं खोट्या पुराव्यात अडकवून मारलं होतं, म्हणजे प्रायमच्या नावानं बनावट पत्र आणि तंबूत पुरलेलं सोनं वगैरे (ध चा मा झालेल्या गावात हे वेगळं समजावायला नकोच). तो अन्याय खरा होता, ट्रॉयवाल्यांच्याही कानावर होता. त्या खऱ्यावर हा आपली थाप रचतो, की मी पॅलामिडीसचा माणूस, म्हणून ओडिसियस माझ्यावर टपलेला, परतीच्या वाऱ्यासाठी माझाच बळी द्यायचं ठरलं आणि मी पळालो.

आणि मधेच थांबतो! म्हणतो जाऊ दे, कशाला सांगू, मारून टाका मला, ओडिसियसला आनंदच होईल. झालं, आता ट्रॉयवालेच मागं लागतात, सांग सांग पुढं काय झालं. ही युक्ती टेबलावर जशीच्या तशी चालते, मी वापरलीय. कैद्याला सगळं एका दमात सांगू द्यायचं नाही, ऐन ठिकाणी गप्प करायचा, म्हणजे प्लेअर्स स्वतःच खोदून विचारतात आणि स्वतः खोदून काढलेल्या गोष्टीवर माणसाचा जास्त विश्वास बसतो.

आता फाशांचं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेम १९७४ सालचा आणि त्याच्या पाचव्या एडिशनमध्ये डिसेप्शन (थाप मारायचं कौशल्य) विरुद्ध इनसाइट (ती ओळखायचं कौशल्य) असा फाशांचा सामना असतो, शिवाय झोन ऑफ ट्रुथ नावाचा मंत्र आहे, त्याच्या घेऱ्यात सापडलेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. लेखकाची भीती हीच असणार. पण त्याच मंत्राच्या नियमात लिहिलंय की माणूस उत्तर टाळू शकतो, गोलगोल बोलू शकतो. मग सिनॉन लिहायचाच असा की त्याची दहातली आठ वाक्यं खरी निघावीत. तुझा बळी देणार होते का, याला तो उत्तर देत नाही, तो म्हणतो इफिजेनियाचं काय झालं ते विचारा त्यांना, जाताना वाऱ्यासाठी राजाची मुलगी दिली होती की नाही ते विचारा. एक अक्षर खोटं नाही. आणि इनसाइटचा फासा चांगला पडला तर मी सांगतो, हा मनापासून घाबरलाय आणि काहीतरी लपवतोय. दोन्ही खरंच आहे, शत्रूच्या गोटात एकटा उभा असलेला माणूस घाबरणारच की. निष्कर्ष प्लेअर्सनी काढायचा. आमच्यातली एक वकील मैत्रीण असल्या कैद्याची उलटतपासणी घ्यायला बसली की बाकीचे चिप्स खायचं विसरतात.

इथं माझा एकच नियम आहे. व्हिलननं वाटेल तेवढ्या थापा माराव्यात, डीएमनं एकही मारू नये. व्हर्जिलच्या गोष्टीत लाओकून नावाचा पुजारी घोड्याच्या पोटात भाला फेकतो आणि आतून पोकळ आवाज येतो. तुमच्या टेबलावर कुणी भाला फेकला तर तो आवाज आलाच पाहिजे, लपवायचा नाही. पुढं गोष्टीत समुद्रातून दोन साप येऊन लाओकूनला आणि त्याच्या दोन्ही पोरांना मारतात, ट्रॉयवाल्यांना वाटतं देवाचा कोप झाला आणि ते घोडा ओढत आत नेतात. कवितेत हे भारी आहे, खेळात मात्र चीटिंग, कारण टेबलावर देव म्हणजे डीएमच. शंका घेणाऱ्या एकमेव प्लेअरवर तुम्ही साप सोडलेत तर तुमचा व्हिलन जिंकला नाही, तुम्ही त्याला पास केलंत. शंका घेणाऱ्याला काहीतरी मिळू द्या, एक रात्र पहारा ठेवायची संधी, नाहीतर घोडा वेशीबाहेरच ठेवायचा पर्याय. माझ्या टेबलावर बहुतेक वेळा तरीही घोडा आत येतो, कारण बाकीच्यांना त्या कैद्याची दया आलेली असते.

दया हेच त्याचं हत्यार. प्रायम स्वतः त्याचे हात सोडवतो आणि म्हणतो आजपासून तू आमचा. दहा वर्षं आणि हजार जहाजं जे करू शकली नाहीत ते एका रडक्या माणसानं केलं, असं व्हर्जिल चिडून लिहितो. चिडणारच, त्याच्याकडे ही गोष्ट सांगणारा एनियस ट्रॉयचा आणि रोमन लोक स्वतःला त्याचेच वंशज मानायचे. इटालियन कवी दान्तेनं तर सिनॉनला तापानं फणफणत नरकात पाडलाय. पण क्विंटस नावाच्या ग्रीक कवीकडे तोच माणूस हिरो आहे, ट्रॉयवाले त्याचे नाक कान कापतात तरी तो आपली गोष्ट सोडत नाही. हा भाग डीएमनं जरूर उचलावा. आपल्या लोकांसाठी नाक कान गमावायची तयारी असलेला थापाड्या, त्याच्यावर नुसतं चिडता येत नाही. आपण तरी काय, १६६३ च्या लाल महालाच्या छाप्यात लग्नाच्या वरातीतून मावळे शहरात शिरले ही गोष्ट छाती फुगवून सांगतो, शाएस्ताखानाच्या बाजूनं ती कशी दिसली असेल याचा विचार करून बघा, व्हिलन लिहायला मदत होईल.

ग्रीक नावं जड जात असतील तर पंचतंत्रातला स्थिरजीवी घ्या. कावळ्यांचा म्हातारा मंत्री, आपल्याच राजाकडून टोचून घेऊन, अंगाला रक्त फासून घेऊन घुबडांच्या दारात पडतो, घुबडांचा राजा त्याला आसरा देतो, एकटा रक्ताक्ष ओरडत राहतो की याला मारा, कुणी ऐकत नाही. मग हा घरटं बांधायच्या नावाखाली गुहेच्या तोंडाशी काटक्या साठवतो आणि शेवटी सगळं पेटवून देतो. आणि रक्ताक्षाला साप चावत नाही, तो आपली माणसं घेऊन वेळेत निघून जातो, त्यामुळे खेळायला ही गोष्ट मला ग्रीक गोष्टीपेक्षाही बरी वाटते.

एक तोटा आहे तो लपवत नाही. असा व्हिलन एकदा आला की प्लेअर्स पुढं रस्त्यातल्या भिकाऱ्यालाही दोरीनं बांधून प्रश्न विचारतात, प्रत्येक म्हातारीवर झोन ऑफ ट्रुथ टाकतात, आणि खेळ पोलीस चौकी होऊन बसतो. म्हणून एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या एका सलग गोष्टीत, असा एकच, आणि नंतर दोनचार आठवड्यांत एखादा खराखुरा निर्वासित वेशीवर आणायचा, जो अगदी सिनॉनसारखीच गोष्ट सांगेल आणि ती शब्दन् शब्द खरी असेल. त्याला आत घ्यायचं की नाही यावर आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी कुठल्याच ड्रॅगनवरून झाली नाहीत. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकाला हे जरूर कळवा.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे