आईची अर्धी गोधडी आणि माझ्या पाच पिशव्या

नागपूर,
२२ मे

ती. आई-बाबांना,
सा. न.

रोज रात्री फोन होतो, तरी आज मुद्दाम पत्र लिहायला बसले आहे. फोनवर आई "आमचं काय, बरं चाललंय" एवढ्यावर आटपते आणि बाबा लगेच इकडचं ऊन विचारतात. सांगायचं ते राहून जातं. बाबा, तुमचा दुसरा डोळाही आता नीट झाला आहे, चष्माही आला आहे. तेव्हा हे आईला सावकाश वाचून दाखवा. तिच्याबद्दल लिहिलेलं मध्येच गाळू नका.

ऊन म्हणाल तर परवा पारा ४४ च्या वर गेला. २५ तारखेला नवतपा लागतो, म्हणजे पुढचे नऊ दिवस आणखी कडक. सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. इकडच्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. त्यामुळे माझ्या आणि ओवीच्या वाट्याला या लांबच लांब दुपारी आल्या आहेत, आणि मी त्या शिवणात घालवते आहे.

आई, तू विचारलंस, "सध्या हातात काय आहे?" मी म्हटलं, "आहे एक दुपटं." खरं म्हणजे पाच कामं काढली आहेत. तुला पटणार नाही म्हणून बोलले नाही. हातातलं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला सुई लावायची नाही, हा तुझा नेम. पडवीत वाकळ अंथरलीस की ती उचलली जाईपर्यंत आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालायचो. पण तुझ्या पडवीला कृष्णेवरचा वारा होता. इथे या दिवसांत मोठी गोधडी मांडीवर घेतली की दहा मिनिटांत जीव नकोसा होतो. म्हणून लहान लहान कामं घेतली. आणि ती एकदम पाच का, तेही सांगते.

प्रत्येक कामाची वेळ निराळी असते. थर लावायचे तर पंखा आणि कूलर दोन्ही बंद हवेत, नाहीतर वरचं कापड उडतं, खालच्याला चुणी पडते आणि ती चुणी शिवून झाल्यावरच हाताला लागते. ते काम पहाटे साडेपाच ते सात, फरशी गार असते तेव्हा. तेवढ्या वेळात एकाचे थर लावून कच्चे टाके घालून ठेवते. दुपारी कूलरच्या खोलीत धावदोरा. रात्री दिव्याखाली फक्त फिक्या रंगाचं काम, कारण गडद कापडावर गडद दोरा रात्री दिसतच नाही. तुझ्या जुन्या चंद्रकळेचा तुकडा ज्या बस्करात लावला आहे, ते मी दिवसाउजेडीच हातात घेते. एकच काम काढलं असतं तर पहाट नाहीतर रात्र रिकामी गेली असती.

पाच कामांच्या पाच कापडी पिशव्या केल्या आहेत. प्रत्येकीत त्या त्या कामाचं कापड, त्याच रंगाचं रीळ, दोन सुया आणि एक चिठ्ठी. काम ठेवताना चिठ्ठीवर लिहिते, "सातवी फेरी, डावा कोपरा वळायचा आहे." चिठ्ठी नसली की दुसऱ्या दिवशी कुठे होतो ते शोधण्यात पाव तास जातो. सुया मात्र कापडात टोचून ठेवत नाही, काम थांबलं की डबीत. कूलरच्या दमट हवेत आठ दिवसांत सुईवर गंज धरतो. ही खबरदारी मी कुठे शिकले ते पुढे लिहिते.

पहिली पिशवी नणंदेच्या बाळाच्या दुपट्याची. आषाढात बाळ यायचं आहे, त्यामुळे हे सगळ्यांत आधी व्हायला हवं. आत बाबांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, वर माझी जुनी सुती साडी. नवं कापड यात काही लावलं नाही. कडेला शोभा म्हणून खणाची लाल पट्टी लावली आणि तिथे चूक झाली. पट्टी आधी भिजवून पाहिली नाही. घामेजल्या हातानं तासभर शिवत बसले आणि उठले तेव्हा धोतराच्या पांढऱ्यावर बोटभर गुलाबी ओघळ उतरला होता. मला रडू आलं. बाळाच्या अंगाशी जाणारी वस्तू, त्यात रंग सोडणारं कापड मी घातलंच कसं! सगळी पट्टी उसवली, धोतराचा तेवढा भाग बदलला. आता प्रत्येक रंगीत चिंधी ओली करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघते, फडकं कोरं राहिलं तरच ती पिशवीत जाते. तू लाल आणि निळी लुगडी नेहमी वेगळ्या बादलीत का भिजवायचीस, ते एवढ्या वर्षांनी हाताला कळलं.

बाबा, आता तुमच्यासाठी. दुपटं ३६ इंची चौकोनी आहे. कडेपासून आत आत जायचं, दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. म्हणजे पहिल्या फेरीची बाजू ३६ इंच, दुसरीची ३५, तिसरीची ३४, अशी शेवटची १ इंच. ओवीला मी सहज विचारलं की एकूण टाका किती लांब होईल. तिनं तुम्ही दिवाळीत शिकवलेली रीत लावली. १ पासून ३६ पर्यंतची बेरीज, ३६ गुणिले ३७ भागिले २, म्हणजे ६६६. त्याला चारनं गुणलं तर २६६४ इंच. ३६ इंचांचा एक वार, म्हणजे बरोबर ७४ वार! इकडच्या आजींना तिनं सांगितलं की बाळाच्या एवढ्याशा दुपट्यात आठ नऊवारी लुगड्यांच्या लांबीहून जास्त शिवण आहे. मला बाहेरच्या चार वारांच्या फेरीला तासभर लागतो. सगळं मिळून अठरा-एकोणीस तास झाले. हे गणित तुम्ही तिला लहानपणी मला शिकवलंत तसंच दगड मांडून शिकवलंत ना? तिच्या वहीत दगडांची चित्रं आहेत.

दुसऱ्या पिशवीत इकडच्या बाबांसाठी गुडघ्यांवर घ्यायची दोन पदरी गोधडी आहे. उकाड्यात गोधडी कशाला, असं वाटेल. पण पहाटे कूलरचा गार झोत नेमका त्यांच्या गुडघ्यांवर येतो, चादर अंगावरून सरकते आणि ते तसेच आखडून निजतात. गोधडीला वजन असतं, ती जागची हलत नाही. तिसरीत देवघरापुढची दोन बस्करं. चौथी ओवीची. बारा इंची चौकोन, तिच्या बाहुलीसाठी. तिचे टाके अर्धं बोट लांब आहेत, ओळ नागमोडी जाते, पण एकदा बसली की उठत नाही. परवा तिनं मला विचारलं, "आजी एवढे बारीक टाके कसे घालायची?" मी तिला सुईवर एकदम चार-पाच टाके घेऊन मग दोरा ओढायचा, हे तुझं दाखवलं. तिला नाही जमलं अजून. पण "हातभरच दोरा घे, लांब घेतलास की गुंता" हे तुझं वाक्य ती आता मलाच ऐकवते.

सासूबाई शिवत नाहीत, पण दुपारी आमच्याजवळ चिंध्या निवडत बसतात. त्यांचं माहेर अमरावतीकडचं. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, हे त्यांनी ओवीला सांगितलं. तेव्हापासून ओवी एकही चिंधी टाकू देत नाही.

आणखी एक सांगायचं आहे. थंडीत इथल्या हस्तकला मेळ्यात मी कारवारकडच्या सिद्दी बायकांच्या गोधड्या पाहिल्या. त्यांना कवंदी म्हणतात. कर्नाटकातल्या हल्याळ-येल्लापूरच्या रानातली ही माणसं, त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणले गेले. त्यांची कवंदी पण तुझ्यासारखीच कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्यावर संपते. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसली तर कवंदी उघडी वाटते त्यांना. मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. आई, तू कोपऱ्यात दुहेरी कापडाचं ठिगळ द्यायचीस आणि विचारलं की "कोपरा आधी झिजतो" म्हणायचीस. या बस्करांच्या कोपऱ्यांना मी फुलं लावते आहे. बघून सांग, आवडतात का.

आता पाचवी पिशवी.

दिवाळीत तू जे बोचकं दिलंस, ते मी एप्रिलमध्ये सोडलं. वर साड्या होत्या आणि तळाशी आजीच्या इरकलीची ती गोधडी, अर्धी शिवलेली. तू चार वर्षांपूर्वी ती ठेवून दिलीस तेव्हा मला म्हणालीस, "वेळ होत नाही गं." मी ते खरं मानलं. ती फरशीवर पसरली तर आत तुझी सुई तशीच टोचलेली होती, दोऱ्यासकट. पार गंजलेली. ओढली तर निघेना, तेल लावून हलकेच काढली. खाली जोंधळ्याएवढा तपकिरी डाग राहिला आहे. लिंबू-मीठ लावलं तर डाग जाईल, पण इरकलीचा रंगही जाईल, म्हणून तसाच ठेवला.

मग मी तुझे टाके बघत बसले. बाहेरच्या फेऱ्या तांदळाच्या दाण्यासारख्या, एकसारख्या. आत येता येता टाका थोडा लांबतो. शेवटच्या चार फेऱ्यांत तो दुप्पट झाला आहे, दोरा सैल पडला आहे, आणि एका ठिकाणी तू सुई दुसऱ्या बाजूनं, म्हणजे डाव्या हातानं घातली आहेस. तिरपेपणावरून कळतं ते. तुझ्या बोटांचा संधिवात आम्हाला कळला तो दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांकडे नेल्यावर. म्हणजे त्याआधी दोन वर्षं तू दुखणं अंगावर काढत होतीस, भाकऱ्या थापत होतीस, ओवीचे फ्रॉकही तेव्हाच शिवून पाठवलेस, आणि बोलली नाहीस. मी दर आठवड्याला फोन करत होते, दोनदा येऊनही गेले. मला दिसलं नाही. आई, मला याचं फार वाईट वाटतं. रागही येतो, पण तो तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती हे सांगता येत नाही.

यापुढे दुखलं तर दुखतंय म्हण. एवढंच मागते. बाबा, ती म्हणाली नाही तर तुम्ही सांगा. शेकायची पिशवी वापरते का, डॉक्टरांनी सांगितलेला बोटांचा व्यायाम होतो का, हे मला तुम्हीच कळवायचं.

ही पाचवी पिशवी मी रोज उघडते आणि मिटते. बाकीच्या चार पिशव्यांचं काम पुढे सरकतं, हिचं नाही. मधोमध दीड हाताचा चौकोन मोकळा आहे. तुझे सैल टाके उसवून बारीक घालावेत असं एकदा वाटलं होतं, कात्रीही घेतली, पण हात चालला नाही. ते उसवणार नाही. पुढचं शिवायचं आहे, आणि ते इथे एकटीनं करायचं नाही असं ठरवलं आहे. ८ जूनची महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत, मी आणि ओवी. साताऱ्याला उतरून एसटीनं वाईला येऊ. जावई नंतर येतील. पंधरा दिवस राहते. पडवीत गोधडी अंथरू, तू खाटेवर बस आणि तिथून सांग, कुठे वळायचं, कुठे दोरा ओढायचा. बाबा, तुम्ही सकाळी चहाबरोबर आईला दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून द्यायचात, तसं आता माझ्यासाठी करा. ऑपरेशननंतर ते जमेल असं तुम्हीच म्हणाला होतात.

एक अडचण आहे. तुझा दोरा कोणत्या रंगाचा ते मला कळत नाही. पांढरा नाही, पिवळाही नाही, ताकात हळद पडल्यासारखा आहे. इथल्या तीन दुकानांत दाखवला, जुळला नाही. गंजलेल्या सुईत राहिलेला वीतभर तुकडा या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात टोचून पाठवते आहे. मंडईजवळच्या ज्या दुकानातून तू घ्यायचीस तिथे बाबांना घेऊन जा, सकाळच्या वेळी, ऊन चढायच्या आत. दोन रिळं पुरतील. नसला तर त्यातल्या त्यात जवळचा घे, तुझ्या नजरेनं.

तुमची,
ताई